जुन्या पियानोवरची रेकॉर्डिंगं टिणटिणीत वाटतात, मग ती ऐकायची कशाला?

तुमचा प्रश्न असा की, बीथोव्हनच्या काळातल्या पियानोवर केलेली रेकॉर्डिंगं कोरडी आणि टिणटिणीत लागतात; मग सरळ आजच्या पियानोवरचीच का ऐकू नयेत?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. मोबाइलच्या स्पीकरवर तर अजूनही वाटतं, तेव्हा आधी बरे हेडफोन लावा.

त्या पियानोला आस कमी, म्हणजे वाजवलेला सूर फार वेळ टिकत नाही, हे खरंच आहे. १८००च्या सुमाराचा व्हिएन्नातला पियानो म्हणजे लाकडी सांगाडा, बारीक तारा, चामडं चढवलेल्या चिमुकल्या हातोड्या. आता ओतीव लोखंडी चौकट आली, जाड तारा आणि फेल्टच्या हातोड्या आल्या. मोझार्टचा आंतोन वाल्टरने बनवलेला पियानो जेमतेम ८५ किलोचा. मैफिलीचा मोठा स्टाइनवे ४८०चा.

पण बीथोव्हनने लिहिलं ते त्या कमी आसेच्या भरवशावर. १८०१च्या ‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या भागावर त्याची सूचना आहे की, तारांवर बसून आवाज थांबवणारे डॅम्पर लावायचेच नाहीत. आजच्या पियानोवर हे शब्दशः पाळलं तर सुरांचा नुसता काला होतो, म्हणून बहुतेक वादक डॅम्पर उचलणारं पेडल सारखं सोडून पुन्हा दाबतात. वाल्टरच्या धर्तीच्या पियानोवर मागचे सूर आपोआप विरत जातात आणि खाली तंबोऱ्यासारखी मंद गाज उरते. पियानोवादक रोनाल्ड ब्राउटिगामचं ऐका, त्याचा पियानो पॉल मॅकनल्टीने जुन्याबरहुकूम घडवलेला आहे.

जुनं वाद्य म्हणजे वादन चांगलंच, असं मात्र नाही. काही रेकॉर्डिंगांत खटखटच जास्त ऐकू येते.

शिवाय वादक बदलला की फरक वाद्याचा की हाताचा, ते कळत नाही. त्यासाठी पियानोवादक आंद्राश शिफचा २०१३चा ‘डायबेली व्हेरिएशन्स’चा अल्बम घ्या; ही बीथोव्हनची रचना, एकाच धूनेची तेहतीस रूपं. तीच रचना त्याने दोनदा वाजवली आहे, एकदा १९२१च्या बेखश्टाइन पियानोवर आणि एकदा १८२०च्या सुमाराच्या, व्हिएन्नाच्या ब्रोडमान पियानोवर. ब्रोडमानचा खर्ज, मध्य आणि तार यांचे आवाज तीन वेगळ्या माणसांचे असावेत तसे आहेत. बेखश्टाइनवर ते एका घरचे वाटतात. तेहतीसही ऐकायला वेळ नसेल तर विसावं रूप तेवढं दोन्हींवर लागोपाठ लावा. संथ आहे, खर्जातले जाड कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, आहेत. ब्रोडमानवर त्यातला एकेक सूर सुटा ऐकू येतो.