हातातून सुटलेला जोर

"सूत्रं सगळी पाठ आहेत हो तिची, पण गणित समोर आलं की हात थांबतो." पालक हे म्हणाले की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं: "भीती बसलीये, तेवढी घालवा." मुलं नववी ते अकरावीतली, आणि विषय बहुतेक वेळा फिजिक्स.

पेपरच्या आदल्या रात्री दीर्घ श्वासाने थोडं बरं वाटतं, ते मी शिकवतेही. पण इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. ही भीती म्हणजे ताप आहे, दुखणं दुसरीकडेच असतं. मूल वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही. पडणं, ढकलणं, फेकणं याबद्दल त्याने रांगायला लागल्यापासून स्वतःचे नियम बांधलेले असतात. ते आधी ऐकून न घेता त्यांच्यावर नवे नियम लिहिले, की दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि काहीच वाचता येत नाही.

ही मुलगी नववीतली. आठवीपर्यंत उत्तम गुण, मग बलाचा धडा आला आणि घसरण सुरू झाली. आई सोबत असायची. "मला फिजिक्स कधीच अडलं नाही," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि मुलीने मान खाली घातली. पहिल्या दोन भेटींत तिने मला "हो", "नाही" आणि "माहीत नाही" एवढंच दिलं.

तिसऱ्या भेटीला मी चाचणीचा पेपर मागवला. प्रश्न साधा होता. चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूला त्याचा वेग किती, त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) किती? तिने लिहिलं होतं, वेग शून्य, त्वरण शून्य. दुसऱ्या उत्तरावर लाल फुली. त्याच पानावर, वरच्या प्रश्नात, गुरुत्व त्वरण ९.८ हे तिनेच नीट एककासकट लिहिलेलं.

"हे ९.८ इथे का नाही आलं?"

"ते सूत्रातलं आहे ना, मॅडम."

म्हणजे सूत्रातलं जग वेगळं आणि चेंडूचं वेगळं! मी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला आणि वर उडवायला सांगितला.

"वर जाताना त्याच्यावर काय काय चाललंय?"

"हाताचा जोर वर नेतोय, गुरुत्व खाली ओढतंय. जोर संपत जातो. वर दोघं सारखे होतात, मग गुरुत्व जिंकतं." एका दमात बोलली. तीन भेटींतलं तिचं सर्वांत लांब बोलणं, आणि चुकीचं. मी "चूक" म्हणाले नाही. डोळे मिटून पुन्हा उडवायला सांगितलं, लक्ष फक्त तळहाताकडे ठेवून.

"सुटेपर्यंत हाताला काय कळतं?"

"जड लागतं. दाबतो तो."

"आणि सुटल्यावर?"

"काहीच नाही."

तिने आणखी तीन-चारदा उडवला. मी गप्प बसले. आमच्या कामात गप्प बसणं हेच सगळ्यांत अवघड. मग डोळे उघडून ती म्हणाली, "म्हणजे सुटल्यावर हात काहीच करत नाही. मग वर कोण नेतंय?"

मी खांदे उडवले.

"कोणीच नाही? तो... नुसता जात राहतोय? आणि गुरुत्व पूर्ण वेळ खालीच ओढतंय?" थोडं थांबून, "वरसुद्धा?"

"वर वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर?"

ती जुडग्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "तिथेच लटकला असता!"

आता एक गोष्ट जरा अभिमानाने सांगते, कारण ती मला त्याच दिवशी सुचली. मुलीचा "जोर" खोटा नव्हता. ती सांगत होती तसं काहीतरी खरंच वर जाताना कमी होतं, टोकाला शून्य होतं, खाली येताना उलट्या दिशेने वाढतं. पण पुस्तकात त्याला बल म्हणत नाहीत, संवेग म्हणतात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. जोर, ताकद, बळ, शक्ती हे शब्द आपण घरात सरमिसळ वापरतो, पुस्तकात मात्र बल वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी. "तुझी कल्पना बरोबर आहे, पाटी चुकीची लावलीस," असं म्हटल्यावर तिचे खांदे खाली आले. मीही आजवर ही समजूत पुसायलाच बघत होते. त्या समजुतीला नुसतं नाव बदलून हवं होतं.

आणखी एक सांगितलं. चौदाव्या शतकात जाँ ब्युरिदाँ हा पॅरिसचा पंडित असंच मानायचा, की फेकणारा वस्तूत एक जोर भरून देतो. गतीचे नियम मांडणारा न्यूटनचा ग्रंथ आला तो थेट १६८७ साली. आणि १९८२ मध्ये जॉन क्लेमेंट या अमेरिकी संशोधकाने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना उडवलेल्या नाण्यावरची बलं बाणांनी दाखवायला सांगितली, तर बहुतेकांनी वर जाणारा बाण काढलाच. या सोबतीत "मी ढ आहे" कसं म्हणणार?

पालकांना माझं सांगणं थोडंच असतं. लगेच दुसरा क्लास लावू नका. उत्तर सांगण्याआधी "तुला काय वाटतं, काय होईल?" असं विचारा आणि ते चुकीचं असलं तरी पूर्ण ऐका. आकडे घालण्याआधी चित्र काढू द्या, आणि प्रत्येक बाणाला विचारू द्या, "तुला कोण लावतंय?" ज्या बाणाला लावणारा सापडत नाही, तो खोडायचा. या एका प्रश्नाने पन्नास गणितांचं काम होतं असा माझा अनुभव. वेळ लागतो, हेही खरं. या मुलीचे पुढच्या चाचणीत दोनच गुण वाढले आणि आई नाराज झाली.

त्या नाराजीतच दोघी शेवटच्या भेटीला आल्या. निघताना मुलीने आईच्या पर्समधल्या किल्ल्या काढल्या, वर उडवल्या आणि झेलल्या. "आई, वर जाताना यांच्यावर कोणती बलं होती?"

"सोप्पं आहे. हाताचा जोर वर, गुरुत्व खाली."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फाइल आवरत असल्याचं दाखवलं.

"डोळे मीट," ती आईला म्हणाली, "आणि हात पुढे कर."