उत्तर: बंद प्लेटिंग कारखान्याची जागा, आणि सोमवारचा जेसीबी

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. बंद पडलेला प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा चढवायचा कारखाना, जागा ग्रामपंचायतीकडे आलेली, तिथे सभागृह आणि पोरांसाठी मैदान करायचंय, मातीचा रिपोर्ट 'चांगला' आलाय आणि सोमवारी जेसीबी येतोय. आमच्याकडेही, जळगावपासून फार लांब नाही, हेच सगळं याच क्रमाने झालं होतं. आमची जागा दीड एकर.

सातबारा, मोजणी, एनए वगैरे तुम्ही बघितलंच असेल. मी इंजिनिअर नाही की वकील नाही. जागेच्या समितीत होतो आणि हात पोळून घेतले, एवढीच माझी पात्रता.

तुम्ही लिहिलंय, 'नऊ ठिकाणची माती एकत्र करून नमुना दिला.' इथेच घोडं पेंड खातं. आपण सगळे कपाशीवाले. वावरातला नमुना म्हणजे जागोजागी खड्डा, माती गोणपाटावर कालवायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरला की पिशवीत. आम्ही अगदी तेच केलं. शेताला खत किती द्यायचं ते ठरवायला सरासरीच लागते. पण कारखान्यातलं विष जुन्या टाकीखाली दहा बाय दहा फुटांत बसलेलं असतं. बाकी आठ ठिकाणच्या मातीने आम्ही ते पातळ करून टाकलं. वर तपासायला काय सांगितलं, तर सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश. क्रोमियम तपासा असं कोणी म्हटलंच नाही. रिपोर्ट चांगलाच येणार!

त्या रिपोर्टवर आम्ही जेसीबी लावला. दोन ट्रॉली माती उचलून भागलं असतं, ती आम्ही स्वतःच्या पैशाने दीड एकरावर पसरवली. मृगाचा पाऊस पडला आणि चाकोऱ्यांत हळदीचं असावं असं पिवळं पाणी साचलं. तिथे पूर्वी काम केलेले एक आजोबा आधीच म्हणाले होते, "भो, तठलं पानी ढोरं बी पेतस नही." आम्ही हसलो होतो. टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठे सोडायचे, हे अशाच माणसांना ठाऊक असतं. त्यांना जागेवर न्या आणि चुन्याने खुणा करून घ्या. प्रत्येक खुणेची माती वेगळी, वरची वेगळी, तीन फुटांवरची वेगळी. मिसळायची नाही म्हणजे नाही.

खोलवरची का, तर आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते. क्रोमियमचा सहा नंबरचा प्रकार, म्हणजे हेक्साव्हॅलंट, आपल्या अल्कधर्मी मातीला फारसा धरून राहत नाही. पाण्याबरोबर मुरुमात, तिथून खडकाच्या फटींत, मग विहिरीत. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाणी पिवळं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. जाता जाता सांगतो, हेक्साव्हॅलंटसाठीच्या पाण्याच्या बाटलीत आम्ल घालू देऊ नका. बर्फात ठेवून २४ तासांत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पोचवा.

आता कार्यालयाचं. नाव घेत नाही. सात खेपा घातल्या. सातव्या खेपेला साहेब म्हणाले, "कारखाना बंद आहे ना? मग प्रदूषण कसलं?" यावर काय बोलणार! तोंडी बोलत राहिलो हीच चूक झाली. तुम्ही माहितीच्या अधिकारात कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली जुनी संमतीपत्रं मागवा, त्यात कच्चा माल आणि सांडपाण्याचा हिशेब असतो. शिवाय आता दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे २०२५ चे नियम आलेत. संशयित जागा कळवायची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर आहे. ग्रामसभेचा ठराव करून पोच घ्या. नियम नवे आहेत, तेव्हा जाणकाराकडून वाचून घ्या.

उपायांबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. 'झाडं लावा, ती विष शोषतील' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून हेक्साव्हॅलंटचा कमी घातक प्रकार करता येतो, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. नाहीतर कोणीतरी पोतं आणून फेकेल आणि झालं म्हणेल. सगळ्यांत दूषित निघालेली माती धोकादायक कचरा ठरली तर ती रांजणगावसारख्या, असा कचरा शास्त्रोक्त पुरणाऱ्या ठिकाणीच जाते, गावच्या खदानीत नाही. मैदान त्या जागेवर नकोच. सभागृह आणि पार्किंग एक वेळ चालेल, पण खाली काय आहे ते कळल्यावर. आवारात बोअर मात्र कुठल्याही परिस्थितीत नको.

जेसीबीवाल्याला विसार दिला असेल तर तो बुडाला समजा. सोमवारी त्याला गेटच्या आत येऊ देऊ नका.