चाक उचलू नको, चढव

भाऊ, एसयूव्हीचं चाक रिमसकट पंचवीस-तीस किलो भरतं. ते छातीशी धरून स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, बसवायला गेलास की कंबर गेलीच समज. गाडी फक्त इतकीच उचल, की चाक जमिनीपासून दोन बोटं वर राहील. मग चाकाखाली पहार सरकव, पुढं विटेचा टेकू दे आणि मागचं टोक पायानं हळूच दाब. चाक आपोआप वर येतं. दोन्ही हात मोकळे राहतात, भोकं स्टडसमोर आली की आत ढकल. मी शेतातली पहारच वापरतो.

पण त्याआधी जमीन बघ. आपल्या खानदेशात काळी माती. पावसाळ्यात जॅक डोळ्यांदेखत खाली जातो. माझ्या अंगणात एकदा तसाच गेला आणि गाडी हबवर, म्हणजे चाक जिथं बसतं त्या मधल्या भागावर, बसली. तेव्हापासून जॅकखाली सागाची जाड फळी असतेच. हँडब्रेक ओढ, तिरप्या बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लाव, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर. गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालायचा नाही, हे मी हात जोडून सांगतो.

स्कोडा, फोक्सवॅगनला स्टड नसतात, बोल्ट असतात. तिथं वरच्या भोकात गाइड पिन, म्हणजे आट्यांची लांब पिन, फिरव, चाक तिच्यावर टांग.

हबचा गंज तारेच्या ब्रशनं काढ. नट आधी हातानं फिरव, मग समोरासमोरचे आवळ. शेवटचा जोर गाडी खाली उतरवून, टॉर्क पान्यानं (नट किती जोरानं आवळला ते कळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. जळगाव-धुळे एक फेरी झाली की परत तपास.