बायोडेटासाठी एमबीए नको

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली, 58 टक्के. कुपवाड एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची पीएफ-ईएसआयची (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विम्याची) कामं करणाऱ्या एका सल्लागाराकडे वर्षभर जाते. तिला ते आवडतं, पण ते क्लार्कचं काम. रात्रीसुद्धा कामगारांचे फोन येतात. तिनं पुण्यात एमबीए एचआर करावं असं आम्ही ठरवलंय. गणित नाही, एसी ऑफिस, मुलीच्या जातीला बरं आणि बायोडेटावरही चांगलं दिसतं. शेतावर कर्ज काढू. कोणतं कॉलेज घ्यावं?
– एक पालक, सांगली

नमस्कार. कॉलेजचं नाव मी आज सांगणार नाही. तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ आहे, ‘मुलीच्या जातीला बरं’ आहे, स्थळांना दाखवायचा बायोडेटाही आहे. तिच्या मनातलं मात्र एवढंच, ‘तिला ते आवडतं’, आणि त्याच्यापुढे लगेच ‘पण’. 58 टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, या ‘पण’ची वाटते. स्थळ चांगलं यावं म्हणून शेत गहाण टाकू नका. ते कर्ज उद्या तिच्याच मनावर ओझं होऊन बसेल, आणि हातातलं आवडीचं कामही गेलेलं असेल.

आता एचआरबद्दल, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाबद्दल. गणित नाही, कामगारांशी संबंध नाही, केबिनमध्ये बसून मुलाखती घ्यायच्या, हा समज मनातून काढून टाका. पगारपत्रक बनवताना मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर कामगाराचे 12 टक्के पीएफला कापायचे. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 पेन्शनकडे वळवायचे. ईएसआय लागू असेल तर कामगाराचे 0.75 आणि मालकाचे 3.25 टक्के. त्यावर ओव्हरटाइम, बोनस, ग्रॅच्युइटी. आणि हिशोब चोख असूनही आधारवर नाव एक आणि पीएफच्या नोंदीत दुसरं असलं, की कामगाराचा क्लेम अडकतो. मुलीच्या लग्नाला काढलेले पैसे हळद लागली तरी येत नाहीत. असा माणूस रात्री फोन करणार नाही तर काय करेल? तो तुमच्या मुलीलाच करतो, कारण ती उचलते आणि मार्ग काढते. तुम्ही ज्याला क्लार्कचं काम म्हणता, ते मनुष्यबळ व्यवस्थापनच आहे. एमबीए होऊन आलेल्या कित्येक मुलांना हे नोकरी लागल्यावर पहिल्यापासून शिकावं लागतं.

प्रवेश परीक्षांचं म्हणाल तर राज्यातल्या कॉलेजांना एमबीएची सीईटी, जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेला झॅट.

पण तिचा कल पाहता मी वेगळीच वाट सुचवेन. मुंबईत परळला राज्य शासनाची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्था आहे. तिथल्या श्रमविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची माहिती तिनं स्वतः काढावी. 500 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी हवाच, असं 1948 च्या कारखाना कायद्यात होतं. कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याविषयीच्या नव्या श्रम संहितेनं ही मर्यादा 250 वर आणली. 29 कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्यानं हे सगळं नव्यानं समजून घेणारी माणसं लहान कारखान्यांनाही लागणार आहेत. तोवर आणखी वर्षभर आहे तिथेच तिला काम करू द्या. सल्लागारांना सांगून कामगार न्यायालयाच्या एखाद्या तारखेला, एखाद्या खातेनिहाय चौकशीला तिला बसता आलं तर फारच उत्तम.

बँकेत जायच्या आधी हे उत्तर तिच्या हातात द्या, आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका.