मंगलाष्टकं का थांबली

प्रिय रेवा,

नाशिकहून तू पाठवलेला व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "बाबा, मुहूर्त टळला, सगळे अक्षता मुठीत धरून उभे, आणि आमदार फाट्यावर पोचलेत म्हणून भटजी थांबले! ते आपले कोण लागतात?"

नात्याने कोणीच नाहीत. पण आपल्याकडे लग्नपत्रिकेवर त्यांचं नाव मामांच्या आधी छापतात (मामा रुसतात, ते निराळंच). लगीनसराईत आमदाराला एका दिवसात कितीतरी लॉन्स गाठायची असतात. फेटा, शाल, नारळ, माईकवर दोन शब्द, की न जेवताच गाडीत. सकाळी गोदावरीवर कोणाचा तरी दहावा झालेला असतो, तिथेही दोन शब्द. मुंबईत २८८ आमदारांच्या विधानसभेत आपला माणूस काय बोलला, हे गावात फारसं कोणी विचारत नाही. 'बापाच्या दहाव्याला आला नाही' हे मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत ध्यानात राहतं. विजेची डीपी जळाली, कॅनॉलच्या पाण्याचं आवर्तन लांबलं, सातबाऱ्यावर नाव चढत नाही, की माणसं पहाटेच त्याच्या ओट्यावर.

तरी भटजींनी थांबायला नको होतं. मला ते अजिबात पटत नाही.

पण मला आमदार म्हटलं की फेटा नाही, जिवा पांडू गावित आठवतात. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचे, आदिवासी, लाल बावट्याचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. सुरगाणा म्हणजे पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट. १९७८ साली ते पहिल्यांदा निवडून आले, आणि एकूण सात वेळा. मधेमधे पडलेही. २०१४ला कळवणमधून आले तेव्हा सभागृहात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच होते, पण सर्वांत जुन्यांपैकी म्हणून हंगामी अध्यक्ष झाले. बाकी सगळ्यांना शपथ द्यायचं काम त्यांच्याकडे! आजोबा त्या दिवशी टीव्हीसमोरून हलले नव्हते.

६ मार्च २०१८ला किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला चालत निघाला. गावित त्याच्या पुढाऱ्यांत होते. कर्जमाफी हवी होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन नावावर हवी होती. २००६च्या वनहक्क कायद्याने तो हक्क दिला होता, पण दावे धूळ खात पडले होते. तू दीड वर्षांची, माझ्या खांद्यावर. सीबीएस बसस्टँडजवळ एक आजी रस्त्याच्या कडेला बसून चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीने बांधत होती. शेजारी पिशवीत तांदूळ आणि भाकरी. मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, "लेकीला पाज आधी."

कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालले ते लोक. मुंबईत शिरल्यावर दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून रात्रीच उठून ते सायनहून आझाद मैदानाला चालत गेले. १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिलं. पाच वर्षांनी, २०२३ला, बऱ्याचशा त्याच मागण्यांसाठी पुन्हा मोर्चा निघाला.

गावित २०१९ला पडले होते. त्या आजीची जमीन नावावर झाली का, मला ठाऊक नाही.

आजोबांना विचार, ते खूप सांगतील. आणि मामा रुसले होते का, तेवढं कळव.

तुझा,
बाबा