न्यूरोपासून पळता येत नाही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचून हसू आलं. ‘न्यूरो माझ्या डोक्यात शिरत नाही, म्हणून ऑन्कोचं पोस्टिंग मागून घेतलं.’ अगं, मेंदू-नसांचं न्यूरो आणि कॅन्सरचं ऑन्को, पुस्तकात या दोन प्रकरणांच्या मधे शेदोनशे पानं असतात, पेशंटच्या अंगात ती कुठून येणार? केमो हाताच्या शिरेतून जाते आणि पंधरा दिवसांनी तक्रार येते पायाच्या बोटांची. तू न्यूरोपासून पळून थेट न्यूरोच्याच दारात गेली आहेस. तर आता ऐक.

मला नर्स म्हणून नोकरीला लागून दुसरं वर्ष चालू होतं. कुठल्या हॉस्पिटलात ते विचारू नकोस. स्तनाच्या कॅन्सरच्या एक बाई होत्या, पंचावन्नच्या आसपासच्या. माझी नाइट. पहिल्या रात्री म्हणाल्या, पाठ दुखते. एसओएस, म्हणजे लागलं तरच द्यायचं, इंजेक्शन लिहिलेलं होतं, मी दिलं. दुसऱ्या रात्री पाहिलं तर उशीला टेकून बसल्या बसल्या झोपलेल्या. आडवं झालं की जास्त दुखतं म्हणाल्या. मी आणखी एक उशी आणून दिली आणि रिपोर्टात लिहिलं, ‘पेशंट कम्फर्टेबल’. तिसऱ्या रात्री म्हणाल्या, पाय भरून आल्यासारखे झालेत. केमोचा अशक्तपणा असेल, असं मी मनातच ठरवून टाकलं. सकाळी त्या कमोडवरून उठू शकल्या नाहीत.

एमआरआय झाला. गाठ मणक्यातून मज्जारज्जूवर दाबत होती. रेडिएशनने दुखणं कमी झालं, पाय परत आले नाहीत.

नंतर आमच्या वॉर्डातली मावशी सहज म्हणाली, ‘त्या बाई दोन दिवसांपासून भिंतीला धरून बाथरूमला जात होत्या की.’ म्हणजे लक्षण वॉर्डात सगळ्यांसमोर फिरत होतं, फक्त माझ्या कागदावर नव्हतं. तेव्हापासून ड्युटी घेताना इन्चार्जच्या आधी मी मावशीला विचारायची. तूही विचार. लादी पुसणाऱ्या माणसाला कोण कसं चालतं ते आपल्याआधी दिसतं.

आता यातलं पाठ करण्यासारखं सांगते. स्तन, प्रोस्टेट आणि फुप्फुस, या तिघांच्या कॅन्सरला मणक्यात जायची भारी खोड. मायलोमा हा कॅन्सर तर हाडातलाच. अशा पेशंटची नवी पाठदुखी ही पाठदुखी समजायचीच नाही. आडवं झाल्यावर वाढते का? खोकताना, शिंकताना कळ येते का? छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं का? बहुतेकांना आधी दुखतं आणि पाय नंतर जातात. मधले ते दिवस किंवा आठवडे म्हणजेच आपल्या हातातला वेळ. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुधा चालत राहतो. ज्याचे पाय आधीच गेले त्याचे क्वचितच परत येतात. म्हणून डॉक्टर त्याच दिवशी अख्ख्या मणक्याचा एमआरआय मागतात आणि डेक्सा, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड, सुरू करतात. मणका भक्कम आहे हे कळेपर्यंत त्या पेशंटला वळवायचं ते लॉग रोलनेच, म्हणजे दोघीतिघींनी मिळून अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम; एकटीने ओढाताण करायची नाही.

मज्जारज्जू दाबला की लघवीही अडते, ते मात्र नीट समजून घे, इथे भलेभले फसतात. ‘होतेय थोडी थोडी’ म्हणजे होतेय असं नाही. मूत्राशय तुडुंब भरून वरून ठिबकत असतं. ओटीपोटावर हात ठेवून बघ, आणि शेवटची मोकळी लघवी किती वाजता झाली ते विचार.

डॉक्टरांना फोन करताना ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ म्हणशील तर सर म्हणतील, बघू राउंडला. त्याऐवजी सांग: ‘काल एकट्या बाथरूमला गेल्या, आज दोघींनी धरावं लागतंय. रात्री आठपासून लघवी नाही. ओटीपोट फुगलंय.’ असा फोन ठेवून कुणाला परत झोप लागत नाही. रात्री अडीच वाजता फोन करायला संकोच वाटेल, मलाही वाटायचा. ओरडा खा आणि फोन कर.

केमोच्या औषधांचं बघू. व्हिन्क्रिस्टिन आपल्या दारातल्या सदाफुलीतून येतं, पण ते नसांना धरतं. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, पोरं जिन्यात ठेचकाळतात, पाऊल उचलत नाही त्यांचं. जबडा दुखतो म्हणून जेवत नाहीत आणि आई म्हणते नखरे करतोय. टाचांवर चालून दाखव असं त्यांना खेळासारखं सांगायचं. आतड्याच्या नसाही मंदावतात, त्यामुळे शौचाला कधी झाली हे रोज विचारायचंच, लाजायचं नाही. मोठ्यांमध्ये नसांना धरतात ती पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन. या पेशंटना ‘मुंग्या येतात का’ विचारलंस तर ‘जरा जरा’ म्हणतील. माझे प्रश्न वेगळे असायचे: शर्टाची बटणं स्वतः लावता का? चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? एक काका म्हणाले, ‘सिस्टर, परवा एका पायात चप्पल नसताना देवळापर्यंत गेलो.’ त्यांचा पुढचा डोस डॉक्टरांनी कमी केला. ऑक्झॅलिप्लॅटिनवाल्याला फ्रिजमधलं पाणी देऊ नकोस. थंडाने बोटं झिणझिणतात आणि घसा आवळल्यासारखा होऊन माणूस घाबरतो.

आणि एक गोष्ट रागावून सांगते. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून. पाठीच्या पाण्यात गेलं तर माणूस जवळपास हमखास दगावतो. ल्युकेमियात त्याच पोराला पाठीतून मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध द्यायचं असतं, आणि गफलत तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच सांगितलंय की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइन बॅगेत द्या. तुझ्या वॉर्डात त्याची सिरिंज दिसली तर विचार. लंबर पंक्चरच्या, म्हणजे पाठीत सुई घालायच्या, ट्रेजवळ तर ती कुणाच्याही हातात दिसता कामा नये, मग तो हात कितीही सीनियर असो.

ग्लासगो कोमा स्केलची तुला धास्ती आहे, असं दिसतं. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन न्यूरोसर्जननी ते काढलं ते अशाचसाठी, की बेशुद्धी सगळ्यांनी एकाच मापाने मोजावी. पूर्ण गुण असे: डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६. नुसती बेरीज सांगू नकोस, तिन्ही आकडे सुटे सांग. तुझ्या वॉर्डात तोंडाच्या कॅन्सरचे, ट्रॅकिओस्टॉमीवाले, म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडलेले, पेशंट असणार. ते बोलत नाहीत म्हणून बोलण्याला १ लिहिलास तर पहिल्याच तासाला गोंधळ. तिथे ‘टी’ लिहायचं आणि हातात पाटी द्यायची. बिहारमधून आलेल्या आजोबांना मराठीत वार विचारून ‘कन्फ्यूज्ड’ लिहिणारीही मी पाहिली आहे. दहा दिवस वॉर्डात पडल्यावर वार मलासुद्धा सांगता येणार नाही! महिना विचार, आणि त्यांच्या भाषेत विचार.

केमोचा पेशंट बडबडायला लागला की लगेच ‘कॅन्सर मेंदूत गेला’ म्हणायची घाई नको. आधी ग्लुकोमीटरने साखर बघ. मग ताप बघ. पांढऱ्या पेशी कमी असताना ३८.३ सेल्सिअस ताप एकदा जरी आला तरी अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. नातेवाइकांनी गुपचूप पॅरासिटामॉल दिलेली असते, डेक्साही ताप झाकतं, हे लक्षात ठेव. खूप तहान, खूप लघवी, शौच बंद आणि सुस्ती असेल तर रक्तात वाढलेलं कॅल्शियम आठव. सोडियम, मॉर्फिनचा डोस, सगळं पाहायचं. पण सकाळी उठताच डोकं दुखणं, उलटी, एका डोळ्याची बाहुली मोठी, नाडी मंद होत बीपी चढत जाणं, यातलं काही दिसलं तर थांबू नकोस, डॉक्टरांना फोन कर. आणि बायको म्हणाली ‘आज हे वेगळेच वागतायत’ तर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेव. तिने त्यांना चाळीस वर्षं पाहिलंय, आपण चार दिवस.

फिट आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस आणि घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेली तर ती इमर्जन्सी. कांदा आणि चप्पल घेऊन धावणारे नातेवाईक येतीलच. त्यांच्यावर ओरडू नकोस, त्यांना पंखा लावायचं काम दे.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला लेकीकडे येतेय. एखादी नाइट ऑफ असेल तेव्हा ये, तुझे रिपोर्ट बघते. आणि पेन टॉर्च स्वतःची विकत घे. वॉर्डातल्या टॉर्चमध्ये सेल कधीच नसतात.

तुझी,
सिस्टर