मिसिसिपीकाठचे मस्कटीन

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे उत्तर-मध्य भागात, शिकागो सोडून, नदीकाठी वसलेले आणि स्वतःचा ठळक इतिहास असलेले एखादे लहान शहर कोणते, असे आपण विचारले आहे. मी आयोवा राज्यातील मस्कटीनचे नाव घेईन. मिसिसिपी येथे वळण घेऊन दक्षिणेकडे जाते. वस्ती जेमतेम चोवीस हजारांच्या आसपास, पण एके काळी अर्ध्या जगाच्या सदऱ्यांना येथून बटणे जात, असे म्हटले तर ती फार मोठी अतिशयोक्ती ठरणार नाही.

जॉन बोपल हा बटणे बनवणारा जर्मन कारागीर 1887 साली अमेरिकेत आला. 1890 च्या जकात कायद्याने परदेशी बटणे महागली आणि पुढच्याच वर्षी त्याने नदीतल्या शिंपल्यांपासून मोतिया बटणे काढण्याचा कारखाना येथे सुरू केला. शिंपले धरण्याची युक्ती मला विशेष वाटते. आडव्या दांडीला दोऱ्यांनी बांधलेले पुष्कळ आकडे नावेमागून तळाशी ओढत नेत. तोंड उघडून पडलेल्या शिंपल्याला आकडा लागला की तो घट्ट मिटे आणि आकड्यासकट वर येई. मग शिंपले पिंपांत भिजवून, नळीसारख्या गोल करवतीने त्यांच्या चकत्या कापत, त्या घासून भोके पाडत. 1905 च्या सुमारास वर्षाला सुमारे 150 कोटी बटणे तयार होत. मजुरीवरून 1911 मध्ये मोठा संघर्ष झाला. उपसा इतका झाला की शिंपले संपू लागले आणि सरकारला जवळच फेअरपोर्ट येथे त्यांच्या पैदाशीचे केंद्र काढावे लागले. त्याच केंद्रासाठी काम करताना बोपलचा पाय शिंपल्याने कापला, जखम चिघळली आणि 1912 मध्ये तो वारला. पुढे प्लास्टिकने उरलासुरला धंदाही मोडला.

माझ्या मते मात्र या गावाचा खरा मानबिंदू अलेक्झांडर क्लार्क हा आहे. व्यवसायाने न्हावी असलेल्या या कृष्णवर्णीय नागरिकाने, मुलगी सुझनला वर्णावरून गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला तेव्हा खटला भरला, आणि 1868 मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. साऱ्या देशासाठी असा निकाल लागायला 1954 साल उजाडावे लागले. क्लार्क नंतर वकील झाला आणि लायबेरियात अमेरिकेचा राजदूत म्हणून गेला. त्याचे घर 1975 मध्ये पाडले जाणार होते. ते उचलून थोडे बाजूला नेले म्हणून वाचले. पुढे चीनचे अध्यक्ष झालेले शी जिनपिंग 1985 मध्ये येथे येऊन गेले, हेही गावकरी आवर्जून सांगतात, पण माझ्या लेखी ती किरकोळ बाब आहे.

जाणार असाल तर बटणांचे संग्रहालय आधी पाहावे आणि भोके पडलेले शिंपले हातात घेऊन पाहावेत. त्यानंतर क्लार्कचे घर आणि ग्रीनवुड स्मशानभूमीतील त्याची समाधी पाहावी. संध्याकाळ नदीकाठासाठी राखून ठेवावी, कारण तरुणपणी काही काळ येथे राहिलेल्या लेखक मार्क ट्वेनने या सूर्यास्तांची मनापासून वाखाणणी केली आहे.